कोळशाला कल्हई

भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये मी नुकताच रुजू झालो होतो. एका मोठ्या टाकीच्या वेल्डमध्ये एक्स-रेला दोष निघाला होता आणि तेवढा भाग खरवडून काढायचं काम रात्रपाळीला चाललं होतं. गॉजिंगवर होते ते कारागीर माझ्या वडिलांच्या वयाचे; सगळं शॉप त्यांना मामा म्हणायचं. चहाच्या सुटीत त्यांनी हातातली कांडी माझ्यापुढे धरली. "साहेब, ह्या कोळशावर तांबं कशाला चढवतात?" धातुशास्त्राची पदवी ताजी होती. वीज चांगली वाहावी म्हणून, असं मी सांगून टाकलं. मामांनी कांडी बोटांत फिरवून पाहिली. "मग आतून तांब्याची तार घातली तरी भागलं असतं की. बाहेरूनच का?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढे अनेक वर्षांनी लक्षात आलं की या विषयाचं सगळं मर्म त्या प्रश्नात होतं. बाहेरचं तांबं दोन कामं एकदम करतं : वीज वाहून नेतं आणि कोळशाला हवेपासून झाकतं. तार आत घातली तर पहिलं काम होईल, दुसरं राहून जाईल. आणि ही दोन कामं एकमेकांना नेहमी सोयीची असतात असं नाही. धातूचा थर दिलेलं कार्बनचं इलेक्ट्रोड किती टिकेल, हे बहुतेक वेळा त्या ओढाताणीत ठरतं. हा संग्रह मामांच्या त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी वस्तू नीट पाहू. दहा मिलिमीटर व्यासाची ग्राफाइटची कांडी घ्या आणि तिच्यावर ०.०५ मि.मी. जाडीचा तांब्याचा थर आहे असं धरा. छेद घेतला तर तांब्याच्या वाट्याला जेमतेम दोन टक्के क्षेत्रफळ येतं. पण तांबं ग्राफाइटपेक्षा चारशे-पाचशे पट चांगलं वाहक आहे. म्हणजे दोन टक्के तांबं दहातले नऊ भाग प्रवाह वाहतं आणि उरलेला एक भाग कोळशाच्या वाट्याला येतो. ग्राफाइटऐवजी साधा भाजलेला कार्बन असेल तर कोळशाचा वाटा आणखी घटतो. मग पाचशे अँपिअरचा प्रवाह सोडूनही कांडी होल्डरपाशी लाल होत नाही, कारण प्रवाहाचा मुख्य रस्ता तांब्यातून जातो. तो थर मधेच कुठे उडाला, तर तेवढ्या पट्ट्यात सगळा प्रवाह कोळशातून जातो, तो पट्टा तापतो, तापला की शेजारचं तांबं सुटतं, आणि उघडा पट्टा रुंदावत जातो. कांडीवर सुरुवातीला नखाएवढा दिसणारा पोपडा शेवटी तिचा गळा आवळतो, तो असा.

आता तांबं का सुटतं, हा प्रश्न. इथे आपल्याकडच्या कल्हईची आठवण काढल्याशिवाय मला राहवत नाही. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकून पृष्ठभाग स्वच्छ करतो, आणि मग कथील फिरवतो. कथील तांब्यावर पसरतं, त्याला धरतं, दोन धातूंच्या सीमेवर दोघांचा मिळून एक पातळ पदर तयार होतो. म्हणून कल्हई पोपड्यांनी निघत नाही. ती झिजत जाते. कोळशाच्या बाबतीत असा नवसागर निसर्गानं दिलेला नाही. वितळलेलं तांबं ग्राफाइटवर ओतलं तर ते पसरत नाही, अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन बसतं. स्पर्शकोन १२० अंशांहून जास्त भरतो. तांबं आणि कार्बन यांची संयुगं सहजी होत नाहीत, दोघं एकमेकांत विरघळतही नाहीत. म्हणून कांडीवरचं तांबं वितळवून लावत नाहीत, विद्युत विलेपनानं चढवतात. ते कोळशाच्या खडबडीत पृष्ठभागातल्या खाचाखळग्यांत शिरतं आणि तिथे नुसतं अडकून राहतं. धातूचा कार्बनशी सोयरसंबंध जुळवायचा असेल तर क्रोमियम किंवा टायटॅनियमसारखा, कार्बनशी संयुग करणारा मध्यस्थ लागतो. तो स्वस्तातल्या कांडीला परवडत नाही.

त्यात प्रसरणाची भर. एक अंश तापमानवाढीला तांबं दर दहा लाखांत १७ भाग वाढतं. ग्राफाइट, प्रतीनुसार आणि दिशेनुसार, १ ते ५ भाग. आपली दहा मिलिमीटरची कांडी पाचशे अंशांनी तापली तर तांब्याच्या नळीचा व्यास आतल्या कोळशापेक्षा सुमारे ०.०७ मि.मी.नं जास्त वाढू पाहतो. खुद्द थराच्या जाडीशी ताडून पाहा, म्हणजे हा आकडा किती मोठा आहे ते कळेल. अंगरखा सैल होतो, अंग आत तसंच राहतं. त्या फटीत हवा शिरते. आणि तापलेल्या कार्बनचा खरा वैरी हवेतला ऑक्सिजन आहे : ४५० ते ५०० अंशांच्या पुढे ग्राफाइट डोळ्यांदेखत झिजू लागतं. थर झाकण म्हणून ठेवला होता, तोच आता आतलं जळणं लपवतो. बाहेरून धड दिसणारी कांडी आतून पोखरलेली निघते; हातात घेऊन टिचकी मारणाऱ्या कारागिराला ती आवाजावरून कळते.

हे सगळं आजचं ज्ञान. पण तांबं चढवण्याची युक्ती या ज्ञानाच्या कितीतरी आधीची आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लाकडी कोळशाच्या दोन तुकड्यांमध्ये आर्क पेटवून दाखवली. लाकडी कोळसा भराभर जळून जाई. १८४१ मध्ये बुन्सेन यांनी विद्युत घटातल्या महाग प्लॅटिनमच्या जागी कार्बन बसवला, १८४४ मध्ये फूको यांनी दिव्यासाठी गॅसच्या भट्टीच्या भिंतींवर साचणारा घट्ट कार्बन कापून वापरला. तो जास्त टिकला, पण रस्त्यावरचा दिवा रात्रभर जळायचा तर कांडी लांब हवी, आणि लांब कांडीचा रोध मोठा. शिवाय उघडी कांडी बाजूनं जळत जाऊन लांबलचक निमुळती होई आणि उजेड हलू लागे. १८७० च्या दशकात फ्रान्समध्ये एमिल रेनिए यांनी नुसत्या, तांबं चढवलेल्या आणि निकेल चढवलेल्या कांड्या शेजारी शेजारी जाळून पाहिल्या. माझ्या मते या क्षेत्रातला टिकाऊपणाचा पहिला खरा अभ्यास तो. त्याच दशकात अमेरिकेत क्लीव्हलंडच्या चार्ल्स ब्रश यांनी तांब्याचा मुलामा दिलेल्या कांड्यांचं पेटंट घेतलं. त्यांच्या दिव्यांनी २९ एप्रिल १८७९ च्या रात्री क्लीव्हलंडचा सार्वजनिक चौक उजळला.

आर्कच्या तोंडाशी कार्बनचं तापमान ३,७०० अंशांच्या घरात असतं आणि तांबं वितळतं १,०८५ अंशांना. म्हणजे तोंडाजवळ तांबं टिकणारच नाही, हे पहिल्यापासून गृहीत होतं. ते मागे हटणार. प्रश्न एवढाच की किती मागे. फार हटलं तर उघडी पडलेली कांडी बाजूनं जळते आणि पेन्सिलसारखी टोकदार होते. फार कमी हटलं, म्हणजे थर जास्तच जाड असला, तर वितळलेल्या तांब्याचे थेंब आर्कमध्ये उतरतात, ज्योत हिरवी होते, उजेड चळतो. चांगल्या कांडीत कोळसा आणि तांबं जवळजवळ एका वेगानं मागे सरत जातात. हा समतोल साधण्यात कांडी बनवणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या.

त्या समतोलाचा सगळ्यात कडक परीक्षक सिनेमा होता. आमच्या लहानपणी जत्रेत टुरिंग टॉकीज यायची. तंबूच्या मागे डिझेलचं जनरेटर धडधडायचं आणि प्रोजेक्टरच्या लॅम्पहाउसमध्ये कार्बन जळायचे. ऑपरेटर काळ्या काचेतून दोन कांड्यांची टोकं बघत बसलेला असे आणि त्यांच्यातलं अंतर हातानं सारखं करत असे. तो बेसावध राहिला की पडद्यावर पिवळट अंधार, आणि तंबूत शिट्ट्या. धन कांडीच्या गाभ्यात सीरियमसारख्या दुर्मीळ मृदा धातूंची फ्लुओराइडं भरलेली असत, त्यामुळे उजेड दुधासारखा पांढरा येई. दोन्ही कांड्यांवर तांबं. खेळ संपल्यावर तंबूमागे पडलेली थोटकं आम्ही पोरं गोळा करायचो. तांब्याचा पापुद्रा नखानं सोलून निघायचा, आणि तो सोलून काढण्यात आम्हाला फार मौज वाटे. तो इतका सहज का निघतो, हे मला इंजिनिअर झाल्यावर समजलं. ऑपरेटरला मात्र तेव्हाच ठाऊक होतं की ओल आलेल्या खोक्यातले कार्बन तडतडतात, आणि तांब्याचा उडालेला थेंब आरशावर बसला की आरसा कायमचा डागाळतो. १९५० च्या दशकात झेनॉनचे दिवे आले आणि सिनेमातले कार्बन हळूहळू गेले. आपल्याकडच्या लहान गावांतून ते जायला आणखी काही दशकं लागली.

गॉजिंगची गोष्ट याच्या नेमकी उलट दिशेनं जाते. तिथे उजेड नको, उष्णता हवी. १९४० च्या दशकात अमेरिकेत मायरन स्टेपॅथ यांनी ही रीत बसवली : कार्बनच्या आर्कनं लोखंड वितळवायचं आणि दाबाच्या हवेच्या झोतानं ते उडवून टाकायचं. सुरुवातीला याला दोन माणसं लागत, एक आर्क धरणारा आणि एक हवेची नळी धरणारा. नंतर होल्डरमध्येच हवेची भोकं आली. आज जहाजबांधणीच्या गोदीत, बॉयलरच्या शॉपमध्ये, साखर कारखान्याच्या दुरुस्तीत, ओतकामाच्या फाउंड्रीत तांबं चढवलेली कार्बनची कांडी ही रोजची, हिशेबानं मागवायची वस्तू आहे. आणि इथे तिची स्थिती सिनेमापेक्षा बिकट, कारण ज्या ऑक्सिजनपासून तिला वाचवायचं तोच आपण पाच-सहा किलो दाबानं तिच्या अंगावरून सोडतो. म्हणून सात इंचांपेक्षा जास्त कांडी होल्डरबाहेर काढू नये, हा नियम. म्हणूनच नेमलेल्या अँपिअरच्या वर जाऊ नये, हाही. घाईच्या कामात दोन्ही मोडले जातात, आणि मग "माल खराब आला" अशी तक्रार पुरवठादाराकडे जाते.

पावसाळ्याबद्दल इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण परदेशी पुस्तिकांत हा विषय एका ओळीत संपतो आणि आपल्याकडे तो चार महिने चालतो. कार्बनची कांडी सच्छिद्र असते. तांब्याचा थर तिला पूर्ण बंद करत नाही. दोन्ही टोकं तर उघडीच असतात. कोकणपट्टीत जुलैमध्ये उघड्या खोक्यात ठेवलेली कांडी ओल पिते. आर्क पेटताच आतल्या ओलीची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नाही, आणि थर फुगून फाटतो किंवा कांडीच तडकून तिचे तुकडे उडतात. भिजलेल्या कांड्या सुमारे १५० अंशांना दहा तास भाजून घ्याव्यात, असं या व्यवसायातलं प्रमाण सांगतं. वेल्डिंगच्या साध्या रॉडसाठी ओव्हन जवळपास प्रत्येक शॉपमध्ये असतो. कार्बनसाठी तो वापरलेला मी फार थोड्या ठिकाणी पाहिला.

इथवर जे सांगितलं ते सगळं एका पंथाचं. या क्षेत्राचा नकाशा काढायचा तर धातू आणि कार्बन एकत्र आणण्याच्या रीतींवरून काढावा, असं आम्हाला वाटलं, आणि त्यासाठी तीन मराठी क्रियापदं हाताशी सापडली : मढवणं, मुरवणं आणि पेरणं. मढवणं म्हणजे वरून थर देणं. मुरवणं म्हणजे सच्छिद्र कार्बनमध्ये वितळलेला धातू दाबानं शिरवणं. विजेच्या रेल्वे इंजिनांच्या पँटोग्राफवर तारेला घासत जाणारी धातुमिश्रित कार्बनची पट्टी त्या जातीची. तिथे थर निघण्याचा प्रश्नच नसतो, पण अशी पट्टी जड होते आणि महाग पडते. पेरणं म्हणजे कार्बनच्या बारीक कणांवर धातूचे त्याहून कितीतरी बारीक कण ठेवणं. त्याकडे येतोच.

मढवण्याच्या पंथात पोलादाच्या आर्क भट्टीचं प्रकरण मोठं आहे. तिथली ग्राफाइटची इलेक्ट्रोडं हातभर नव्हे, पुरुषभर उंचीची आणि अर्धा मीटर किंवा त्याहून जाड असतात. त्यांचा मोठा हिस्सा टोकाशी नाही, अंगानं जळून जातो. तांबं इथे चालत नाही, कारण पोलादात उतरलेलं तांबं गरम लाटकामात भेगा पाडतं. म्हणून बल्गेरियातल्या तंत्रज्ञांनी अॅल्युमिनियम आणि उष्णता सोसणाऱ्या पुडी यांचा थर आर्कनं भाजून बसवण्याची रीत काढली आणि ती बाहेरच्या देशांतही गेली. अॅल्युमिनियमच्या विद्युत अपघटनात कार्बनच्या धनाग्रांचा माथा हवेत जळू नये म्हणून त्यावरही अॅल्युमिनियमच फवारलं जाई. एक टन अॅल्युमिनियम काढायला सिद्धांतानुसारच ३३३ किलोच्या आसपास कार्बन खर्ची पडतो. त्यावर जे फुकट जळतं तेवढंच वाचवायचं असतं. आर्क भट्टीत पुढे थराला साधा प्रतिस्पर्धी मिळाला : इलेक्ट्रोडवर पाण्याचा फवारा. थर द्यायला वेगळा विभाग लागतो, फवाऱ्याला एक कडं आणि पाणी. बऱ्याच ठिकाणी फवारा जिंकला. ज्यांना थराचं शास्त्र प्रिय आहे त्यांनी हा पराभव नीट अभ्यासावा, असं मला मनापासून वाटतं. क्लोरीनच्या कारखान्यांत तर कार्बनच गेला. हेन्री बीअर यांनी १९६० च्या दशकात टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा थर दिलेली धनाग्रं आणली आणि झिजत जाणारं ग्राफाइट काही वर्षांत मागे पडलं.

आता पेरण्याकडे. हायड्रोजनच्या इंधन घटात प्लॅटिनमचे दोन ते पाच नॅनोमीटरचे कण कार्बनच्या काजळीसारख्या पुडीवर बसवलेले असतात. ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास असा घट पहिल्यांदा दाखवला तेव्हा प्लॅटिनमच्या पट्ट्या होत्या. १९६५ मध्ये जेमिनी यानातून घट अवकाशात गेला तेव्हाही प्लॅटिनम सढळ होतं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लॉस अॅलॅमॉसच्या प्रयोगशाळेनं चौरस सेंटिमीटरला चार मिलिग्रॅमवरून ०.४ मिलिग्रॅमवर ते आणलं, आणि हा घट मोटारीत बसवण्याची भाषा शक्य झाली. ही किमया कार्बनच्या आधारामुळे झाली. पण कार्बन तिथे मुळात पाहुणा आहे. पाण्याच्या सान्निध्यात ०.२०७ व्होल्टच्या वर गेलं की कार्बनचं ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा, असं ऊष्मागतिकी सांगते. घटाचं ऋणाग्र चालतं ०.६ ते ०.९ व्होल्टवर. कार्बन टिकतो तो केवळ त्याची अभिक्रिया अतिशय मंद असल्यामुळे. आणि तिला वेग देणारा उत्प्रेरक कोण? त्याच्या अंगावर बसलेलं प्लॅटिनम.

इथे मामांच्या कांडीची सगळी गोष्ट सूक्ष्म रूपात परत येते. आधार झिजला की कण निसटतात. लहान कण विरघळून मोठ्या कणांवर बसतात, पृष्ठभाग घटतो. आणि सर्वांत मोठा घाव चालताना बसत नाही, गाडी सुरू-बंद करताना बसतो : एका बाजूला हवा आणि हायड्रोजन दोन्ही क्षणभर असतात, तेवढ्या वेळात समोरच्या ऋणाग्राचं विभव दीड व्होल्टच्या जवळ उसळतं आणि कार्बन अक्षरशः जळतो. हे कोडं २००५ मध्ये उलगडलं.

प्रयोगशाळेतल्या विश्लेषणाच्या इलेक्ट्रोडांबद्दल इथे थोडक्यात सांगून पुढे जातो. पाण्यातलं शिसं मोजायला कार्बनवर पूर्वी पाऱ्याचा पापुद्रा चढवत. २००० मध्ये जोसेफ वांग आणि सहकाऱ्यांनी त्या जागी बिस्मथ आणलं, आणि पाऱ्याचं विष टळलं. तिथे थर प्रत्येक मोजणीला नव्यानं चढवता येतो. टिकण्याचा अर्थ तिथे वर्षं नव्हे, एका मोजणीपासून दुसरीपर्यंत आकडा न बदलणं.

अर्थाचा हा फरक या क्षेत्रातली सगळ्यात मोठी अडचण आहे. सिनेमाचा ऑपरेटर कांडी रिळांत मोजायचा. गॉजिंगवाला तासलेल्या वेल्डच्या लांबीवर मोजतो. भट्टीवाला टनामागे किलोत मोजतो. आधुनिक भट्टीत तो आकडा एक-दोन किलोंच्या घरात आला आहे. इंधन घटाचे संशोधक विभवाचे फेरे मोजतात : आधाराची परीक्षा १.० ते १.५ व्होल्टच्या ५,००० फेऱ्यांची, उत्प्रेरकाची ३०,००० फेऱ्यांची. प्रत्येकाच्या लेखी "आयुष्य" हा शब्द एकच, मोजमाप वेगळं, आणि एकाचा धडा दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. थर निघण्याची कारणं जवळपास तीच असूनही वेल्डिंगवाल्याला विद्युत-रसायनातलं आणि विद्युत-रसायनवाल्याला वेल्डिंगमधलं काही ठाऊक नसतं. या पुस्तकाचा मुख्य खटाटोप ती भिंत पाडण्याचा आहे.

आणि याची वेळ आत्ता आहे. भारत सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन हायड्रोजन हे त्याचं लक्ष्य. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं, कारैकुडीच्या विद्युत-रसायन संशोधन संस्थेच्या साथीनं, एका पुणेकर कंपनीबरोबर घडवलेली इंधन घटाची बस ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात लोकांसमोर आली. बस शहरात दिवसातून किती वेळा सुरू-बंद होते हे वेगळं सांगायला नको; तिचं आयुष्य त्या काजळीएवढ्या कार्बनवर ठरणार आहे. दुसरीकडे धूर कमी करायचा म्हणून पोलाद आर्क भट्टीकडे वळत आहे आणि ग्राफाइटची मागणी वाढते आहे. २०१७ मध्ये ग्राफाइट इलेक्ट्रोडांचे भाव अचानक कसे उसळले ते या धंद्यातला कुणी विसरलेला नाही. वाचवलेल्या प्रत्येक इंचाला तेव्हा किंमत आली होती.

आणखी एका गोष्टीवर आम्ही सगळे लेखक एकमतानं अडून बसलो. थर टिकत नाही तेव्हा तो जातो कुठे? गॉजिंगमध्ये तो धुरातून जातो, आणि तो धूर माणसाच्या छातीत. तांब्याच्या धुरानं संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. जुने कारागीर त्यावर गूळ खातात आणि दुसऱ्या दिवशी कामावर येतात. मामांना खोकला होता. बंद टाकीत उतरून काम करताना त्यांच्याजवळ धूर ओढणारा पंखा नव्हता आणि त्या वेळी मीही तो मागितला नाही. कांडीच्या आयुष्याबद्दल लिहिताना धरणाऱ्याचं आयुष्य वगळणारं पुस्तक मला लिहायचं नव्हतं. म्हणून थराची जाडी, धुराची मात्रा आणि हवेची सोय हे विषय परिशिष्टात न ढकलता मूळ विवेचनातच आले आहेत.

भाषेबद्दल. पाठ्यपुस्तकात इलेक्ट्रोडला विद्युत अग्र म्हणतात. आम्ही धनाग्र आणि ऋणाग्र ठेवले, पण एकट्या शब्दासाठी इलेक्ट्रोडच वापरला, कारण शॉपमध्ये आणि प्रयोगशाळेत तोच चालतो. "मुलामा" या शब्दावर बराच वाद झाला. मराठीत मुलाम्याला दिखाव्याचा वास येतो. कल्हईला येत नाही, पण कल्हई म्हणजे कथील. शेवटी कारागिरांचा शब्द घेतला : तांबं चढवणं. सूत्रं आहेत, पण प्रत्येक सूत्राशेजारी एक आकडेमोड करून दाखवली आहे, कांडीच्या छेदाची वर केली तशी. आयटीआयच्या शिक्षकाला ती फळ्यावर मांडता यावी आणि संशोधनाच्या विद्यार्थ्याला ती तपासता यावी, एवढी अपेक्षा.

लेखांची मांडणी काळानुसार केलेली नाही आणि धातूंनुसारही नाही. प्रत्येक लेख एका निकामी झालेल्या इलेक्ट्रोडपासून सुरू होतो आणि ते कशानं गेलं याचा माग काढतो. काही ठिकाणी लेखकांचं एकमेकांशी पटलेलं नाही, विशेषतः जाड थर बरा की घट्ट कोळसा बरा या प्रश्नावर. ते मतभेद आम्ही तसेच छापले आहेत. माझं मत घट्ट कोळशाच्या बाजूचं आहे. सच्छिद्र आधारावर कितीही चांगला थर दिला तरी ओल आणि हवा आपली वाट काढतात, हे मी फार वेळा पाहिलं.

वाचकांना एक विनंती आहे. थोटूक भंगारात टाकण्याआधी त्याची चार मापं घ्या : उरलेली लांबी, टोकाकडचा व्यास, तांबं टोकापासून किती मागे हटलं ते अंतर, आणि कांडी कुठल्या महिन्यात, कसल्या खोक्यात ठेवली होती. मामांनी माझ्या सांगण्यावरून एका पावसाळ्यात अशी मापं खडूनं टाकीच्या पत्र्यावर लिहून ठेवली होती. टाकी रंगवायला गेली तेव्हा ती पुसली गेली. त्यातले सात आकडे माझ्या वहीत उतरलेले होते, आणि पहिल्या लेखातला पहिला आलेख त्यांचाच आहे.